पाणी निवळायची वाट

सिडनी, 20 जुलै

तीर्थरूप आबा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आबा म्हणाले, "वादळ रविवारीच गेलं न्हवं? ऊनबी पडलंय म्हणतोस. मग समुद्रात बुडी मारायची सोडून घरात का बसलाईस?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून उत्तर कागदावर.

आबा, पंचगंगा 43 फुटांवरून उतरली की दुसऱ्या दिवशी घाटावरून कधी तळ बघितलाय तुम्ही? तसंच आहे हे. वारा थांबला म्हणून समुद्र थांबत नाही. वादळ दूर सरकतं, पण तिथून लाटा येतच राहतात. आम्ही डायव्हिंगवाले लाटेच्या उंचीइतकंच दोन लाटांमधल्या सेकंदांकडं बघतो. 7 सेकंदांच्या लाटेची हालचाल खोल समुद्रात जेमतेम 38 मीटरपर्यंत पोहोचते, 14 सेकंदांची दीडशे मीटरपर्यंत. वादळानंतर येतात त्या या लांब लाटा. किनाऱ्यावरून बघावं तर पाणी कसं शांत, आणि खाली 10 मीटरवर सगळी वाळू पुढं-मागं झुलत असते.

बरं, वाळूचं काही नाही, ती जड, लगेच बसते. खरा त्रास नदीच्या गाळाचा. तो कित्येक दिवस तरंगतो. आई पुराच्या दिवसांत पाण्यात तुरटी फिरवायची ना, इथं ते काम मीठ करतं. खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. फक्त तुरटीसारखं रात्रीत होत नाही.

हे सगळं ठाऊक असून मी बुधवारी गेलोच! खोटं कशाला बोलू. बेअर आयलंड म्हणून जुना किल्ला आहे, बॉटनी बे खाडीच्या तोंडाशी. जोडीदाराला म्हटलं, बघू तरी. त्यात गडबडीत भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं राहिलं. ओहोटी लागली की खाडीतलं, कुक्स आणि जॉर्जेस नद्यांचं सगळं पाणी तिथूनच बाहेर पडतं. उतरलो तर चहात बुडाल्यासारखं. हात लांब केला की बोटं दिसेनात. टॉर्च लावला तर आंबोलीच्या धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर होतं तसं, समोर नुसती पांढरी भिंत. जोडीदाराचा पाय दिसायचा, मग तोही दिसेना. अशा वेळी मिनिटभर शोधायचं, नाही सापडला तर वर यायचं, हा नियम. दोघंही वर आलो, एकमेकांना शिव्या दिल्या आणि 8 मिनिटांत घरी. आई, एवढंच झालं, पुढं काही नाही, घाबरू नकोस.

मोठ्या पावसानंतर समुद्रकिनाऱ्यावर एक दिवस आणि खाडीत तीन दिवस पोहू नका, असं इथलं सरकारच सांगतं, कारण गटाराचं पाणीही त्यात आलेलं असतं. ते दिवस मोजून झाले होते, गाळाचे मोजायचे राहिले होते.

काल शनिवारी पुन्हा गेलो, या वेळी भरतीच्या टोकाला, म्हणजे बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. पाणी 18 अंश, दात वाजत होते. पण 7-8 मीटर लांबचं दिसत होतं, आणि समुद्री शेवाळात एक वीडी सी-ड्रॅगन, म्हणजे समुद्री घोड्याच्या कुळातला मासा! पानांसारखे झुबके लटकलेला, नारिंगी-पिवळा, हातभर लांब. लाटेबरोबर शेवाळ हलेल तसाच हलत होता. पहिली पाच मिनिटं त्याच्या शेजारीच होतो, तरी मला तो दिसलाच नव्हता.

पिंट्या दिवाळीत मित्रांबरोबर तारकर्लीला स्कूबाला जाणार म्हणतोय. जाऊ दे त्याला, मालवणला मी पण शिकलो असतो तर बरं झालं असतं. पण ऑक्टोबरात अवकाळी पाऊस झाला किंवा अरबी समुद्रात वादळ उठलं, तर बुकिंगचे पैसे गेले म्हणून हट्टानं उतरायचं नाही, असं सांगा. बोटवाल्याला आदल्या दिवशी फोन करून "पाणी निवळलंय का" एवढं विचारायचं. बोटवाला "बघू" म्हणाला, तर त्या दिवशी सरळ किल्ला बघून यायचं.

राजाराम बंधारा पाण्याखाली गेला असं आईनं सांगितलं. खालच्या खोलीतलं धान्य वर ठेवलंत ना? आणि कांदा-लसूण मसाला संपत आलाय, कोणी येणार असेल तर अर्धा किलो पाठवा, जास्त नको, विमानात वास येतो.

तुमचा,
बाळू