तारवट्याचं लग्न आणि ग्रीन कार्ड

मा. संपादक,

क्रूझवर कामाला गेलेला मुलगा मायामीला बोट सोडून तिथेच राहिला, आता अमेरिकन नागरिक मुलीशी लग्न झालंय, 'कागद होतील' असं म्हणतो. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत अशा बातमीने घरचे निर्धास्त होतात. नेमकी तिथेच गफलत आहे.

लग्न खरं आहे का, हे तिथलं इमिग्रेशन खातं बघतंच. पण माणूस देशात शिरला कसा, हेही बघतं. पर्यटक व्हिसावर रीतसर उतरून मुदतीनंतर राहिलेला माणूस नागरिकाशी लग्न करून तिथल्या तिथे ग्रीन कार्ड मागू शकतो. आय-१३० (बायकोने नवऱ्यासाठी भरायचा नात्याचा अर्ज) आणि आय-४८५ (देशात राहूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज) हे एकत्र भरता येतात, मुदत उलटल्याचं आड येत नाही. (बायको नुसती ग्रीन कार्डवाली असेल तर मात्र येतं.)

तारवट्याला, म्हणजे जहाजावर कामाला असलेल्याला, ही वाट बंद. सी-१/डी या जहाज कर्मचाऱ्यांच्या व्हिसावर आलेला खलाशी देशात राहून आय-४८५ भरू शकत नाही, बायको नागरिक असली तरीही. आणि खलाशी म्हणजे फक्त डेकवरचा नव्हे; जहाज पकडायला विमानाने उतरलेला वेटर, कूकसुद्धा त्यातच धरतात. ३० एप्रिल २००१ पर्यंत त्याच्यासाठी कोणी अर्ज भरला असेल तरच सवलतीचा विचार होतो. आजच्या पोरांना तिचा उपयोग नाही.

म्हणून त्याला आय-१३० मंजूर करून घेऊन मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला यावं लागतं. पण बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त झाला असेल तर देश सोडल्यावर ३ वर्षं, वर्षभर किंवा अधिक झाला असेल तर १० वर्षं प्रवेशबंदी. ही बंदी बाहेर पाऊल टाकल्यावर लागू होते. चवथीला किंवा आईच्या बाराव्याला धावत आलेला तारवटी मग गोव्यातच अडकतो.

निघण्याआधी या बंदीतून आय-६०१ए ही सूट मंजूर हवी. २०१३ पासून ही सोय आहे. आय-१३० मंजूर झाल्यावर, व्हिसा फी भरून, तिथे असतानाच अर्ज करायचा. बायकोवर (किंवा नागरिक वा ग्रीन कार्डवाल्या आईबापांवर) 'अतोनात हाल' येतील हे सिद्ध करावं लागतं: तिचे वैद्यकीय कागद, घराचं कर्ज, ती गोव्यात का राहू शकत नाही याचा तपशील. मुलांचे हाल वेगळे मोजत नाहीत, बायकोवरच्या परिणामापुरतेच. निकालाला वर्षं लागतात आणि तोवर वर्क परमिटही मिळत नाही.

शिवाय ही सूट फक्त बेकायदा मुक्कामापुरती. नोकरीच्या आय-९ फॉर्मवर 'नागरिक' या चौकटीत टिचकी मारली असेल, तर ग्रीन कार्डसाठी त्यावर सूटच नाही. सुपरव्हायझरने घाईत भरायला लावलेला तो फॉर्म पोरांच्या लक्षातही राहत नाही.

गोव्याकडचे कागदही अडवतात. इथे सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन्ही वेळच्या सह्या (आधी इराद्याची, मग लग्नाची) झाल्या असतील तर मंडप पडला नसला तरी ते लग्नच. ते न्यायालयातून मोडून नोंदीवर शेरा मारून घेतल्याशिवाय केलेलं अमेरिकेतलं लग्न टिकत नाही. जन्मदाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळवून घ्या. बदल असेल तर १९९० च्या नाव-आडनाव बदल कायद्याखाली झालेल्या नोंदीचा कागद जोडा. जुनी पोर्तुगीज नोंद असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर, त्यावर भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणपत्र.

आणि 'नोटारी'. पोर्तुगीज काळापासून आपल्याकडे या शब्दाला वजन आहे. अमेरिकेत नोटरी म्हणजे फक्त सही साक्षांकित करणारा; त्याला इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकार नाही. वकिलाकडे किंवा तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीकडेच जावं, आणि तेही विमानाचं तिकीट काढायच्या आधी.

– एक वाचक, म्हापसा