संधिवाताच्या रुग्णांचे हृदयही तपासा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारा फिजिशियन. आमवाताचे (र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस), ल्यूपसचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) रुग्ण माझ्याकडे येतात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट कोंबून. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, म्हणजे दाहाच्या आणि आमवाताच्या रक्ततपासण्या, सगळे त्यात सापडते. हृदयाचे कुणी पाहिलेले नसते. पाहिलेच तर कोलेस्टेरॉल नॉर्मल म्हणून विषय मिटवलेला.

फसगत होते ती इथेच. आमवात जोरात असताना दाहामुळे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उलट खाली येते आणि धमन्या मात्र खराब होतच राहतात. म्हणूनच नेहमीच्या तक्त्यातून निघालेला हृदयविकाराचा धोका आमवातात दीडपट धरा, असे युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने सांगून ठेवले आहे. ल्यूपस असलेल्या पस्तिशीतल्या बाईला हार्ट अटॅक येऊ शकतो यावर नातेवाइकांचा विश्वास बसत नाही. (कधी कधी डॉक्टरांचाही.)

धोका सांगणाऱ्या नवनव्या मार्करवर (रक्तातल्या खुणांवर) संशोधन चालू आहे, चालू दे. माझे मागणे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका सांगणाऱ्या जुन्याच तीन तपासण्यांचे आहे: कार्डिओलिपिन व बीटा-टू ग्लायकोप्रोटीनविरोधी अँटिबॉडी आणि ल्यूपस अँटिकोॲग्युलंट. या वारंवार पॉझिटिव्ह येणाऱ्यांना तरुणपणीच अर्धांगाचा झटका, पायाच्या शिरेत गुठळी किंवा गर्भपात होण्याची भीती असते. पहिल्या दोन्हींचे नमुने बाहेरगावी पाठवता येतात. तिसरीचे दुखणे वेगळे. सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) निळ्या झाकणाच्या नळीतले रक्त चार तासांत दोनदा सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, वेगळा झालेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव) गोठवावा लागतो. आमच्याकडची नळी संध्याकाळच्या गाडीने शहरात पोहोचेपर्यंत रात्र होते. त्या रिपोर्टवर भरवसा काय ठेवायचा? त्यात हेपरिन (गुठळी रोखणारे इंजेक्शन) सुरू झाल्यावर घेतलेला नमुनाही फसवा. पॉझिटिव्ह आले तरी किमान 12 आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही, आणि रोजंदारी बुडवून, पदरचे पैसे घालून दुसऱ्यांदा येणार कोण?

सेंट्रिफ्यूज तर जिल्हा रुग्णालयाच्या लॅबमध्ये असतोच. रक्तघटक वेगळे करणारी रक्तपेढी असेल तिथे डीप फ्रीझरही असतो. तेव्हा नमुना तिथेच गोठवून कोरड्या बर्फात (ड्राय आइस) पाठवण्याचा लेखी आदेश काढावा, तिन्ही तपासण्या दोन्ही वेळा मोफत कराव्यात. स्क्लेरोडर्माच्या (त्वचा घट्ट होणाऱ्या याच जातीच्या आजाराच्या) रुग्णांना फुप्फुसाच्या धमन्यांतला दाब वाढतोय का हे वेळेत कळावे म्हणून वर्षातून एकदा एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी मिळावी. आणि एनसीडी (असंसर्गजन्य आजार) क्लिनिकमध्ये बीपी-शुगर तपासताना, आमवाताचा संशय वेळेत यावा म्हणून, "सकाळी बोटे आखडतात का?" एवढा एक प्रश्न फॉर्मवर छापावा. त्याला तर निधीही लागत नाही.

आपला,
तालुक्याचा एक डॉक्टर