नॅन्सी क्यूनार्डचे काम कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्रज लेखिका नॅन्सी क्यूनार्डवरचा लेख वाचला. छायाचित्रकार मॅन रेने काढलेले ते प्रसिद्ध छायाचित्र, हातभर हस्तिदंती बांगड्या, काजळ घातलेले डोळे, लंडन-पॅरिसमधल्या मेजवान्या आणि प्रेमप्रकरणे, यातच अख्खे पान संपले. जहाज कंपनीच्या घराण्यातली, बॅरोनेट हा वंशपरंपरागत ब्रिटिश किताब असलेल्या बापाची एकुलती एक मुलगी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कशी मिरवली, एवढेच वाचकाला कळते. तिने केले काय, हे सांगायचे राहून गेले. माझी तक्रार तेवढीच आहे, पण ती मनापासून आहे.

१९२८ मध्ये तिने फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या रेआनव्हिल गावी ‘अवर्स प्रेस’ हा छापखाना काढला. यंत्र जुने, हाताने चालवायचे, बेल्जियन बनावटीचे. स्वतः छापखाना चालवणाऱ्या लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आणि त्यांचे पती लेनर्ड यांनी तिला बजावले होते, हात कायम शाईने बरबटलेले राहतील. तरी ती खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवायला शिकली. माझा जन्म छापखान्यात गेला, म्हणून मला याचे मोल वाटते. खणातून एकेक खिळा उचलायचा, उलटे अक्षर वाचत स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या धातूच्या पट्टीत, लावायचा, ओळ घट्ट बसेपर्यंत मधल्या फटी भरायच्या आणि छपाई झाली की तेच खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. पाठ मोडते या कामात. नुसत्या मिरवण्याच्या हौसेपायी हे कोणी करत नाही. १९३० मध्ये याच प्रेसने स्पर्धेचे दहा पौंडांचे बक्षीस देऊन सॅम्युअल बेकेट या पुढे नाटककार म्हणून गाजलेल्या, पण तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या तरुणाची कविता छापली. प्रती तीनशे. स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेले बेकेटचे ते पहिले लेखन.

हेन्री क्राउडर हा कृष्णवर्णीय अमेरिकी पियानोवादक तुमच्या लेखात नुसता ‘प्रियकर’ म्हणून येतो. अमेरिकेतल्या वर्णभेदाची खरी ओळख तिला त्याच्यामुळे झाली. या नात्यापायी आईशी कायमचे बिनसले, घरून येणाऱ्या पैशाला कात्री लागली. १९३२ मध्ये ती कृष्णवर्णीयांच्या इतिहास-संस्कृतीवरच्या एका ग्रंथासाठी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत साहित्य गोळा करत होती, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्याबद्दल वाटेल ते छापले. तिने ब्रिटिश पत्रांवर बदनामीचे दावे लावले आणि मिळालेली भरपाई ग्रंथाच्या खर्चात घातली. साडेआठशेहून अधिक पानांचा तो ‘निग्रो’ ग्रंथ १९३४ मध्ये निघाला. त्यात लँग्स्टन ह्यूज आणि झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय अमेरिकी लेखकांसह सुमारे दीडशे जणांचे लेखन आहे. काही ब्रिटिश वसाहतींत त्यावर बंदी आली.

स्पेनच्या यादवी युद्धाचा तर लेखात उल्लेखही नाही! १९३९ च्या सुरुवातीला स्पेनचा कॅटलोनिया प्रांत फ्रँकोच्या फौजांच्या हाती पडला आणि लाखो माणसे पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये शिरली. तेव्हा ती ल पेर्त्यू या गावच्या सीमेवर उभी राहून ‘मँचेस्टर गार्डियन’ या इंग्लिश वर्तमानपत्राला बातम्या पाठवत होती, निर्वासितांसाठी मदत मागत होती.

तिच्या या कामावर पुरवणीत आणखी एक पान द्यावे, ही विनंती. चित्र हवेच असेल, तर त्या ग्रंथाचे किंवा अवर्स प्रेसच्या एखाद्या पुस्तकाचे पान छापावे.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर, कोल्हापूर