पाचव्या थराला लाईट गेली

फोंडा, गोवा
14 डिसेंबर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला एवढा उशीर मी कधी केला नव्हता, पण आमच्या घरात ओव्हन आला आहे आणि तेव्हापासून घरातल्या कुणाच्याच वेळेला काही ताळतंत्र राहिलेलं नाही. आज रविवार, घर झोपलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

ओव्हन खरं तर लेकीसाठी घेतला. दहावीत चांगले गुण पडले तर काय हवं असं विचारलं होतं, तर तिने फोन नाही मागितला, ओव्हन मागितला. अठ्ठावीस लिटरचा, वर-खाली दोन-दोन सळ्यांचा, साधाच. पण तो ठेवायचा कुठे यावर घरात चार दिवस चर्चा झाली. आईचं स्वयंपाकघर तुला आठवत असेल. मासळी चालते, पण सोमवारी नाही, श्रावणात नाही, आणि अंडं तर देवघराच्या भिंतीला लागून असलेल्या ओट्यावर कधीच नाही. शेवटी ओव्हन मागच्या पडवीत गेला, जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर. शेजारी विळी, नारळांचा ढीग आणि सोडणांचं, म्हणजे नारळाच्या सालांचं, पोतं. आई म्हणाली, "तिथं काय हवं ते करा. सोमवारी मात्र त्याच्यात अंडं जायचं नाही." आणि खरंच, सोमवारी तो ओव्हनसुद्धा शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतो.

त्या सोमवारांमुळे लेक बिनअंड्याचा केक शिकली. दह्यात खायचा सोडा घातला की दह्याच्या आंबटपणाने तो फसफसतो, त्या बुडबुड्यांवर केक उभा राहतो. फक्त मिश्रण लगेच भट्टीत जायला हवं, गप्पा मारत बसलं की हवा निघून जाते. आमच्या घरात गप्पा न मारता एखादं काम करायचं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. पहिले दोन केक भाकरीसारखे बसले. तिसरा आत्या डिचोलीहून आली त्या दिवशी केला आणि तो असा फुलला की आत्याने त्याला हळद-कुंकू लावायचंच बाकी ठेवलं होतं.

आत्याची गोष्ट निघालीच आहे तर चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं, सांगतो. दर वर्षी नेवऱ्या, म्हणजे तुमच्या करंज्या, तळायचं काम तिचं. तीळ, खसखस, सुकं खोबरं, वेलची, सगळं तिच्या हाताने भाजलेलं. यंदा लेकीने हट्ट धरला, तळायच्या नाहीत, भाजायच्या. आत्या काही बोलली नाही. तिने फक्त निम्मं पीठ बाजूला काढून वर फडकं झाकून ठेवलं. भाजलेल्या नेवऱ्यांपैकी बऱ्याच पोटात फुटल्या, सारण बाहेर सांडून ट्रेवर करपलं. पारी कोरडी होती, वरून तुपाचा हात फिरवायला हवा होता, हे आम्हाला नंतर कळलं. नैवेद्याला अर्थातच आत्याच्या तळलेल्या गेल्या. पण संध्याकाळी आरती झाल्यावर मी पडवीत गेलो तर आत्या आणि लेक दोघी जमिनीवर बसून ते फुटलेले तुकडे खात होत्या, आणि आत्या तिला मुरड कशी घट्ट घालायची ते बोटाने दाखवत होती. पुढच्या वर्षी निम्म्या भाजायच्या असं दोघींचं ठरलंय. आत्याने हे कुणाला सांगायचं नाही असंही ठरलं होतं, पण तुला सांगितलेलं चालतं.

आता बाबांचं. मला खरं लिहायचंय ते हेच.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे झाले. छत्तीस वर्षं गणित शिकवलं. स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा त्यांना कधी जाताना मी पाहिलं नव्हतं, तांब्या बाहेर यायचा. निवृत्तीनंतर वर्तमानपत्र, देवळात एक फेरी, दुपारची झोप. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतर वाचन कमी झालं आणि ते फार गप्प झाले होते. आई काळजी करायची. मी सकाळी बँकेत जातो तेव्हा ते जिथे बसलेले दिसायचे, संध्याकाळी तिथेच.

ओव्हन आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ते पडवीत खुर्ची घेऊन बसले. काचेतून आत बघत. मग म्हणाले, "ह्याच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. एकशे ऐंशी दाखवतो, पण मागच्या डाव्या कोपऱ्यात जास्त तापतो. बिस्किटं बघा कुठली आधी लाल होतात." आम्ही पाहिलं, बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणायला सांगितली. तारीख, पदार्थ, वजन, वेळ, हवा, शेरा असे सहा रकाने आखले. हवेचा रकाना कशाला म्हणून हिने विचारलं, तर पावसात काजूचे मेरिंग का मऊ पडतात ते त्यांनी तिला समजावलं. साखर हवेतला ओलावा ओढते, म्हणून जुलैत केलेले तासाभरात चिकट आणि नोव्हेंबरात केलेले आठ दिवस कुरकुरीत. हे त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. रोज नोंदी करून काढलं.

मग त्यांचं पोदेराशी, म्हणजे पाववाल्याशी, सूत जमलं. सकाळी साडेसहाला त्याच्या सायकलचा भोंगा पों-पों वाजला की आधी लेक पिशवी घेऊन धावायची, आता बाबा पायऱ्यांवर उभे असतात. पाव, उंडे, कोंड्याची पोळी, काकणं घ्यायची आणि एक प्रश्न विचारायचा. रोज एकच, कारण त्याला पुढे जायचं असतं. पूर्वी पीठ माडाच्या सुरेवर फुगवायचे, आता सूर काढणारे रेंदेर कमी झाले म्हणून यीस्ट, हे बाबांना त्याच्याकडूनच कळलं. एकदा त्याने बाबांना भट्टीवर नेलं. फोर्न आतून कसा घुमटासारखा आहे, लाकूड जाळून निखारे बाजूला सारले की नुसत्या तापलेल्या दगडावर पाव कसा भाजतो, ते बाबांनी वहीत चित्र काढून ठेवलंय. घरी आल्यावर त्यांच्या सदऱ्याला पिठाचा वास येत होता आणि आईने तो दोन दिवस धुवायला टाकला नाही.

बिबिंका, म्हणजे आमचा थरांचा केक, करायची कल्पनाही त्यांचीच. 2023 साली गोव्याच्या बिबिंकेला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हाचं कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं. आमच्या घरात बिबिंका कधी केली गेली नव्हती. ती नाताळला शेजारच्या आंटीकडून यायची, तुला माहीतच आहे तो स्टीलचा डबा. चवथीला आमच्याकडून नेवऱ्या आणि पातोळ्या घालून जातो, नाताळला त्यांच्याकडून बिबिंका, दोदोल, बाथ घालून येतो. गेली चाळीस वर्षं तो डबा रिकामा कुंपण ओलांडत नाही. आता तो नक्की कुणाचा हेही कुणाला सांगता येणार नाही. पण आंटीचे गुडघे गेले, यंदा तासन्‌तास निखाऱ्यांसमोर बसणं होणार नाही असं ती म्हणाली. बाबांनी ते ऐकलं आणि संध्याकाळी मला म्हणाले, "यंदा डबा आपल्याकडून भरून जाऊ दे."

आंटीने माप तोंडी सांगितलं, हिने ते काट्यावर घातलं. दहा अंड्यांचे बलक, दोन मोठ्या नारळांचा घट्ट पहिला रस साधारण चारशे मिलिलिटर, पाव किलो साखर, सव्वाशे ग्रॅम मैदा, जायफळ आणि तूप. साखर रसात पूर्ण विरघळवून बलकात मिसळायची, मैद्याची गुठळी राहू द्यायची नाही, दोनदा गाळायचं. बाबांनी सगळ्याचा हिशोब करून सात थरांना एकेकी 115 मिलिलिटर काढलं आणि औषधाच्या मापाने ओतायला लावलं. पहिला थर वर-खाली दोन्ही सळ्यांवर, मग खालची सळी बंद. दुसऱ्या थरापासून आच फक्त वरून हवी, नाहीतर खालचे थर पुन्हापुन्हा भाजून चामडं होतात. प्रत्येक थर तांबूस झाला की वर चमचाभर गरम तूप, आणि लगेच पुढचं मिश्रण. तूप राहिलं तरच थर नंतर पानांसारखे सुटतात. बलक वापरल्यावर उरलेल्या पांढऱ्याचं काय, तर काजूचं मेरिंग. आंटी सांगते की पूर्वी मठातल्या नन्स पांढऱ्याने कपड्यांना खळ करायच्या आणि बलक उरायचे, त्यातून बिबिंका आली. असं म्हणतात. बाबांना ही गोष्ट फार आवडली, हिशोब जुळतो म्हणाले.

गेल्या बुधवारी दुपारी तीनला सुरुवात केली. बाबा घड्याळ घेऊन, लेक मापाने ओतायला, ही तूप घेऊन. पहिल्या थराला वीस मिनिटं, पुढच्यांना बारा-तेरा. चार थर असे झाले की काय सांगू, काचेतून रेघा मोजता येत होत्या. पाचवा ओतला, तीन मिनिटं झाली आणि लाईट गेली.

दहा मिनिटं वाट पाहिली. आळीतच नव्हती. पाचवा थर वर ओला, खाली कोमट, बाकीचं मिश्रण पातेल्यात. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा काही न बोलता वही मांडीवर घेऊन बसले, आणि बंड्या, मला त्यांचा चेहरा पुन्हा तसाच गप्प होताना दिसला.

तेवढ्यात आई आली. जी अंड्याच्या भांड्याला बोट लावत नाही ती. पदर खोचला आणि म्हणाली, "सोडणं पेटवा." पोतं उघडलं, अंगणात तुळशीपासून लांब चुलाणं मांडलं. तिने टिन बाहेर काढून तीन विटांच्या मध्ये ठेवला, त्याच्यावर भाकरीचा जुना लोखंडी तवा झाकला आणि तव्यावर चिमट्याने निखारे मांडायला लागली. एकसारखे नाही, कडेला जास्त आणि मध्ये विरळ, कारण मध्ये तवा आधी तापतो. मी विचारलं तुला हे कसं माहीत, तर म्हणाली, "चाळीस वर्षं कुंपणापलीकडे बघतेय ना." बाबा उठून तिच्याजवळ जाऊन बसले. घड्याळ त्यांच्या हातात, चिमटा तिच्या. "आता काढ" ते म्हणायचे, "अजून दोन मिनिटं" ती म्हणायची, आणि प्रत्येक वेळी तिचंच बरोबर निघालं. सातवा थर झाला तेव्हा अंधार पडला होता. बाबांनी शेवटच्या तीन थरांच्या नोंदी निखाऱ्यांच्या उजेडात केल्या. आईने मग आंघोळ केली, देवाला दिवा लावला आणि त्यानंतर कुठे लाईट आली.

रात्रभर गार होऊ दिली. गुरुवारी सकाळी टिनमधून काढून कापली. खालचे चार थर पिवळसर, वरचे तीन तांबडे. डबा भरला आणि बाबा स्वतः घेऊन गेले, मी मागून. आंटीने एक तुकडा घेतला, सुरीने थर एकेक सुटा केला, खाल्ला, मग डोळे मिटून दुसरा. "बरें जालां," म्हणाली. मग बोटाने दाखवत, "हे चार वीजेचे. आणि हे तीन सोडणांचे." तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बाबांनी वही उघडून तिच्यापुढे धरली, पाच, सहा, सात, आणि दोघं म्हातारी माणसं त्या पानावर वाकून किती वेळ बोलत होती. मी बँकेत अर्धा तास उशिरा पोचलो.

तर आता तुझ्याकडे काम आहे. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत वहिनींना आणि मुलांना घेऊन ये. कदंबची बस थेट फोंड्याला येते. मागच्या वेळेसारखा अर्ध्या झोपेत "फोंडा, फोंडा" ऐकून फोंडाघाटला उतरू नकोस, तो राधानगरीच्या खाली, आम्ही त्याच्या खूप पुढे. गूळ आणू नकोस, दोदोलाला इथला माडाचा काळा गूळच लागतो. पण तुमच्याकडच्या लोहाराकडून एक जाड लोखंडी झाकण करून आण, काठ दोन बोटं उंच, म्हणजे निखारे घसरणार नाहीत, आणि मध्ये कडी. तवा लहान पडतो असं आईचं म्हणणं आहे आणि बाबांना सातही थर सोडणांवर करून बघायचे आहेत. सोबत कागदाचा गोल ठेवला आहे, तेवढाच व्यास हवा. बाबांनी कंपासने काढून कापलाय. त्याला घडी पडू नये म्हणून पाकीट मोठं घेतलंय, तूही तो सरळच ठेव.

तुझाच,
खोली नंबर नऊमधला सोबती