कार्डाने पैसे देताना मोबाइल नंबर कशासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुकानात कार्डाने पैसे देताना मोबाइल नंबर, ई-मेल, पिनकोड, कधी जन्मतारीखसुद्धा मागण्याची पद्धत इतकी रुळली आहे, की ‘का?’ असे विचारणारा ग्राहकच भांडखोर ठरतो. मागे रांग खोळंबलेली असते. काउंटरवरचा कर्मचारी सांगतो, की नंबर टाकल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही, आणि बहुतेक जण नंबर सांगून मोकळे होतात. याबाबत माझी एकच मागणी आहे : पैसे चुकते होऊन पावती हातात पडेपर्यंत दुकानाने ग्राहकाची कोणतीही वैयक्तिक माहिती विचारू नये. विचारायचीच असेल तर त्यानंतर विचारावी, म्हणजे नकार दिल्यावर खरेदी अडणार नाही.

बिल पुढे सरकत नाही, हे कार्डाच्या व्यवहाराबद्दल खरे नाही. कार्ड यंत्राला लावले की त्यातली चिप त्या एका व्यवहारापुरता नवा संकेत तयार करते. तो दुकानाच्या बँकेकडून कार्ड नेटवर्कमार्फत आपल्या बँकेकडे जातो आणि काही सेकंदांत मंजुरी किंवा नामंजुरी परत येते. या वाटेवर दुकानाने आपला मोबाइल नंबर पुरवावा लागत नाही. बँकेला तो हवा असेल तर तिच्याकडे आधीच नोंदलेला असतो. अडते ते दुकानाचे बिलिंग सॉफ्टवेअर, आणि त्यातली नंबरची चौकट सक्तीची ठेवायची की ऐच्छिक, हे दुकानाचे व्यवस्थापन ठरवते. काउंटरवरच्या मुलामुलींवर राग काढण्यात म्हणूनच अर्थ नाही. किती ग्राहकांचे नंबर गोळा केले याचा हिशेब बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडूनच मागितला जातो.

ही खोड मोबाइलच्या आधीची आहे. कार्ड कार्बन कागदावर दाबून उमटवायचे त्या काळात अमेरिकेत दुकानदार त्याच चिठ्ठीवर ग्राहकाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून घेत. व्यवहाराला त्यांची गरज नसे. जाहिरातींच्या याद्या बनवायला आणि विकायला ते उपयोगी पडत. कॅलिफोर्निया राज्याने हा प्रकार ओळखला आणि १९७१ च्या आपल्या क्रेडिट कार्ड कायद्यात १९९० मध्ये तरतूद घातली, की कार्ड स्वीकारण्याची अट म्हणून ग्राहकाकडून अशी माहिती मागून नोंदवता येणार नाही. पहिल्या उल्लंघनाला २५० डॉलरपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला १,००० डॉलरपर्यंत दंड.

या कायद्याखाली गाजलेला खटला निव्वळ पिनकोडवरून झाला. एका ग्राहक महिलेला काउंटरवर पिनकोड विचारला गेला. पैसे देण्यासाठी तो लागत असेल अशा समजुतीने तिने सांगितला. तिच्या आरोपानुसार दुकानाने कार्डावरचे नाव आणि हा पिनकोड एकत्र करून, बाजारात मिळणाऱ्या माहितीसाठ्यांतून तिच्या घराचा पत्ता शोधून काढला. पिनकोड तर हजारो लोकांचा एकच असतो, त्यात खासगी काय, असा दुकानाच्या बाजूचा युक्तिवाद होता आणि खालच्या न्यायालयांना तो पटलाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र फेब्रुवारी २०११ मध्ये एकमताने निकाल दिला, की पिनकोड हीसुद्धा ग्राहकाची ओळख सांगणारी माहिती आहे आणि कार्डाच्या व्यवहारात तो मागून नोंदवणे कायद्यात बसत नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. सुटा पिनकोड निरुपद्रवी असेलही, पण नावाला जोडला गेला की तो आपल्या दारापर्यंत पोहोचतो. मोबाइल नंबर तर त्याहून पुढचा. तो हजारोंचा नसतो, एकाचाच असतो आणि वर्षानुवर्षे बदलत नाही. औषधे, कपडे, पुस्तके, दागिने अशा वेगवेगळ्या दुकानांतल्या आपल्या खरेदीच्या नोंदी एका माणसाच्या नावावर जुळवायला तो एकटा पुरतो.

आमची माहिती सुरक्षित असते, असे प्रत्येक दुकान सांगते. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या टार्गेट या बड्या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील चोरीला गेला. त्यासोबत सुमारे ७ कोटी लोकांची नावे, पत्ते, फोन नंबर, ई-मेल असे काही ना काही गेले, हे पुढच्या महिन्यात उघड झाले. चोरीला गेलेले कार्ड बँक रद्द करते आणि नवे देते. घराचा पत्ता कोण बदलून देणार?

फसवणुकीच्या दृष्टीने पाहिले तर दुकानाची ही नोंद घातकच आहे. पावतीवर कार्डाचे शेवटचे चार आकडे असतात, खरेदीची तारीख आणि रक्कम असते. त्यांच्या शेजारी मोबाइल नंबर येऊन बसला आणि तो तपशील बाहेर फुटला, की फोन करणारा भामटा बँकेचा माणूस म्हणून सहज खपून जातो. ‘परवा अमुक दुकानात तुम्ही इतके रुपये भरलेत ना?’ असे कुणी अचूक विचारले तर सावध माणूसही क्षणभर विश्वास ठेवतो. ओटीपी मागायला तेवढा क्षण पुरतो.

ओळखपत्राचा प्रश्न जरा वेगळा आहे. कार्ड चोरीचे असल्याचा संशय आला तर ओळखपत्र पाहायला मागणे समजण्यासारखे आहे. पण पाहणे निराळे आणि त्याचा फोटो काढून ठेवणे निराळे. कॅलिफोर्नियाचा तोच कायदा ओळखपत्र दाखवायला सांगण्याची मुभा देतो, मात्र सर्वसाधारण व्यवहारात त्यावरचे काही लिहून ठेवू देत नाही. कार्डाचा, विशेषतः मागच्या बाजूचा, फोटो तर कुणालाही काढू देऊ नये. व्यवहार मंजूर झाल्यावर तिथला सीव्हीव्ही क्रमांक साठवायला कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांनीच मनाई आहे.

आपल्याकडेही ग्राहक अगदीच उघड्यावर नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना सूचना दिली होती, की मोबाइल नंबरसाठी ग्राहकाची अडवणूक करू नये. नंबर दिला नाही म्हणून सेवा नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापार प्रथा ठरते. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मोकळेपणाने दिलेली आणि गरजेपुरत्या माहितीचीच असली पाहिजे, असे म्हटले आहे. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या नियमांचे सूत्रही हेच आहे. आणखी एक विसंगती मला खटकते. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन विक्रेत्यांना कार्डाचा क्रमांक साठवू देणे बंद केले. म्हणजे ऑनलाइन खरेदीत कार्ड सांभाळले गेले, आणि दुकानात माणसाची माहिती पहिल्यासारखीच गोळा होत राहिली.

दुकानदारांची बाजू मी समजू शकतो. सामान घरपोच हवे असेल तर पत्ता आणि नंबर द्यावाच लागेल. काहींना पॉइंट आणि सवलती हव्या असतात, त्यांनी खुशाल नाव नोंदवावे. तो स्वतंत्र सौदा आहे आणि तो स्वतंत्रच विचारला जावा. कागद वाचवण्यासाठी बिल मोबाइलवर पाठवतो, हे कारण मात्र मला पटत नाही. काउंटरच्या स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवला तर नंबर न देताही ग्राहकाला बिल उतरवून घेता येते. शिवाय बिलासाठी घेतलेल्या नंबरावर पुढे सहा महिने सेलचे संदेश का येतात?

सर्वांत वाईट वाटते ते वयस्कर ग्राहकांना पाहताना. नंबर देणे बंधनकारक नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. ते भर रांगेत मोठ्या आवाजात दहाही आकडे सांगतात, कर्मचारी खातरजमेसाठी पुन्हा मोठ्याने म्हणतो, आणि आजूबाजूच्या प्रत्येकाला ते ऐकू जातात.

व्यापारी संघटनांनी आपल्या सभासदांना दोन गोष्टी करायला सांगाव्यात : बिलिंग सॉफ्टवेअरमधली नंबरची चौकट ऐच्छिक करावी, आणि ‘मोबाइल नंबर देणे बंधनकारक नाही’ अशी पाटी काउंटरवर ग्राहकाला दिसेल अशी लावावी. आपल्या वृत्तपत्रानेही, नंबर न दिल्यामुळे खरेदी नाकारली गेली तर तक्रार कुठे आणि कशी करायची, याची माहिती ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक