टाकीत उरलेले पेट्रोल आधी काढा

महोदय,

लॉनमोवर, ब्रश कटर, साखळी करवत ही यंत्रे वर्षातले काही महिने राबतात आणि बाकीचे महिने कोपऱ्यात पडून असतात. हंगाम आला की दोरी ओढून ओढून हात भरून येतो, इंजिन दाद देत नाही. मग यंत्र दुरुस्तीला जाते आणि फारशी तपासणी न होताच त्याला नवा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) बसवला जातो. टाकीतले जुने पेट्रोल मात्र तसेच राहते आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार परत येते. यात ग्राहकाचे पैसे जातात, धड असलेला भाग भंगारात जातो आणि दुखणे आहे तिथेच राहते.

पेट्रोल शिळे होते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. त्यातले हलके घटक आधी उडून जातात आणि थंड इंजिन पेट घेते ते याच घटकांवर. मागे राहिलेल्या पेट्रोलवर हवेची क्रिया होऊन त्याचा राळेसारखा चिकट थर बनतो, वासही आंबूस होतो. साधारण ३० दिवसांनंतर छोट्या इंजिनात याचा त्रास जाणवू लागतो. गाडीपेक्षा इथे तो लवकर होण्याचे कारण सरळ आहे. कार्बोरेटरच्या वाटीत जेमतेम काही चमचे पेट्रोल मावते आणि ती वाटी बारीक छिद्राने बाहेरच्या हवेला उघडी असते. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी भाग. त्यात मेन जेटचे भोक एक मिलिमीटरहून लहान आणि इंजिन संथ चालताना लागणाऱ्या आयडल जेटचे तर अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. नखावर जेमतेम दिसेल एवढा थर बसला तरी ते बुजते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलने यात भर घातली आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवते. १० टक्के इथेनॉल असलेले एक लिटर पेट्रोल साधारण ५ मिलीपर्यंत पाणी सामावून घेते. त्यापलीकडे पाणी गेले किंवा हवा गार झाली, की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. इंजिन टाकीच्या तळातूनच ओढते, म्हणजे आधी हाच थर जेटपाशी पोहोचतो. टू-स्ट्रोक यंत्रात, म्हणजे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते अशा यंत्रात, हे जिवावरचे आहे. हे टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते, तळाच्या थरात ते जवळपास नसते, आणि असे कोरडे इंजिन पिस्टन जाम होईपर्यंत चालते. शिवाय पेट्रोलला जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. जेटचे भोक ठरलेले असल्याने मिश्रण हलके पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि इंजिन तापते. बहुतेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत इथेनॉलची कमाल मर्यादा १० टक्के दिलेली असते. ते पान यंत्र विकत घेतानाच वाचलेले बरे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरीही अंदाजाने कळते. खुणा असलेल्या काचेच्या उभट नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, झाकण लावून हलवा, झाकण जरा सैल करून वाफ जाऊ द्या आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा. खालचा थर १० मिलीवरच राहिला तर इथेनॉल नाही. तो १९ मिलीच्या आसपास चढला तर सुमारे १० टक्के आहे. हे उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे आणि ते पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नये.

बिघाड शोधताना टाकीपासून निघावे आणि कार्बोरेटरपाशी शेवटी यावे. इंजिन थंड होऊ द्या, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा. मोवर आडवा करायचाच असेल तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर इंजिनातले ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरते. मग टाकीतले थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत काढून उजेडात धरा. ताजे पेट्रोल पारदर्शक असते. गढूळपणा, तळाशी वेगळा थर, गाळ, आंबूस वास यांपैकी काहीही दिसले तर बाकी काही उघडण्याआधी सगळी टाकी रिकामी करा.

यंत्र दहा-पंधरा मिनिटे नीट चालून बंद पडत असेल तर आधी टाकीचे झाकण पाहा. झाकणातले हवेचे भोक धुळीने बुजले की टाकीत निर्वात पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. बंद पडल्यावर झाकण सैल केले, सुस्स आवाज आला आणि इंजिन लगेच चालू झाले, तर दोष सापडला. कार्बोरेटर बदलून हा दोष कधीच जाणार नाही. टाकी वर असलेल्या यंत्रात आणखी एक चाचणी आहे. पाइप कार्बोरेटरच्या टोकाशी काढून बाटलीत सोडा आणि कॉक (पेट्रोलची तोटी) उघडा. धार सुरुवातीपासूनच बारीक असेल तर फिल्टर, कॉक किंवा टाकीच्या तोंडाची जाळी तुंबली आहे. धार चांगली सुरू होऊन थेंबांवर आली तर पुन्हा झाकणाकडेच बोट जाते. पाइप बाहेरून धड दिसला तरी आतून सोलून तुंबतो. वाकवल्यावर चिरा दिसल्या तर तो बदलायचाच. फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरकडे हवा.

एवढे सगळे ठीक आणि तरीही चोक (हवा अडवून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी झडप) ओढल्यावरच इंजिन चालते, चोक सोडला की बंद, किंवा रेस आपोआप वर-खाली होते, तर जेट तुंबला असे समजावे. तत्पूर्वी कार्बोरेटर आणि इंजिन यांमधले बोल्ट आणि पॅकिंग पाहून घ्या, कारण तिथून हवा घेतली तरी लक्षणे हीच असतात.

आता सफाई. कॉक बंद करा, वाटीखाली भांडे धरा, तळाचा बोल्ट काढा. काही कार्बोरेटरांत हा बोल्टच जेट असतो आणि आट्यांच्या वर त्याला बारीक आडवी भोके असतात, तीही साफ करावी लागतात. वाटीत पांढरी भुकटी किंवा हिरवट डाग दिसले तर पाणी होते. वाटीत फ्लोट पेट्रोलवर तरंगतो आणि त्याच्यासोबत हलणारी निडल पेट्रोलची वाट उघडते-मिटते. फ्लोटची पिन काढून फ्लोट आणि निडल उचला. निडलच्या टोकाला गोल खाच पडली असेल तर नवीन घाला, घासून ती बसत नाही. जेट सोडवायला बरोब्बर बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, पितळेची खाच लगेच मरते. रबरी भाग वेगळे ठेवून मगच क्लीनर फवारा. डोळ्यांवर चष्मा हवाच, एका भोकातले क्लीनर दुसऱ्या भोकातून थेट तोंडावर येते. जेटमध्ये स्टीलची तार किंवा पिन घालू नका. पितळ मऊ असते, भोक थोडे जरी वाढले तरी मिश्रण कायमचे बिघडते. नायलॉनची बारीक दोरी किंवा तांब्याच्या वायरीचा एक धागा चालतो. नंतर प्रत्येक भोकातून हवा मारा आणि जेट उजेडासमोर धरा. गोल, स्वच्छ कडेचा ठिपका दिसला पाहिजे. कड दातेरी किंवा धूसर दिसली तर थर अजून आहे. बसवताना कार्बोरेटर उलटा धरा. बहुतेकांत फ्लोट कार्बोरेटरच्या अंगाला समांतर राहायला हवा. वाटीचे रबरी रिंग-पॅकिंग फुगले असेल तर ओढूनताणून बसवू नये, नवीन लागते.

ब्रश कटर आणि साखळी करवतीत फ्लोट नसतो, रबरी पडदे असतात. ताजा पडदा कापडासारखा लवचिक, जुना कडक होऊन बोटाने दाबला की कडकडतो. बहुतेक कार्बोरेटरांत अंगाकडून बाहेर येताना मीटरिंगच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) बाजूला आधी पॅकिंग मग पडदा, आणि पंपाच्या (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या) बाजूला आधी पडदा मग पॅकिंग. उघडताना फोटो काढून ठेवावा, कारण क्रम चुकला की इंजिन चालत नाही. एल (कमी वेगाचे मिश्रण) आणि एच (जास्त वेगाचे मिश्रण) हे स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती वेढे गेले ते लिहून ठेवा. एच स्क्रू गरजेपेक्षा आत गेला तर मिश्रण हलके होऊन पिस्टन जळतो.

फोर-स्ट्रोक (इंजिनात ऑइल वेगळे भरावे लागते अशा) यंत्राच्या एका दोषाला मात्र उशीर चालत नाही. निडल बसली नाही तर उभ्या यंत्रातही पेट्रोल झिरपत राहते आणि ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल खुणेच्या वर आणि त्याला पेट्रोलचा वास असेल तर दोरी ओढूच नका. पातळ झालेले ऑइल बेअरिंग वाचवत नाही. निडल दुरुस्त करा, ऑइल काढून नवीन भरा. काम संपल्यावर कॉक बंद करायची सवय यासाठीच लावावी.

हंगाम संपला की एक दुपार यंत्राला द्यावी. महिन्याहून जास्त उभे राहणार असेल तर टाकी रिकामी करा, इंजिन चालू करून बंद पडेपर्यंत चालवा, वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढा. टाकी भरून ठेवायची असेल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळे होणे लांबवणारा द्रव) ताज्या पेट्रोलमध्येच, डब्यावर दिलेल्या प्रमाणात घाला आणि पाच-दहा मिनिटे इंजिन चालवा, म्हणजे तो कार्बोरेटरपर्यंत पोहोचतो. शिळे पेट्रोल त्याने ताजे होत नाही. टू-स्ट्रोकचे मिश्रण वेगळ्या डब्यात, एका वेळी महिनाभर पुरेल एवढेच करा: ५० ला १ प्रमाणासाठी लिटरला २० मिली ऑइल, ४० ला १ साठी २५ मिली, २५ ला १ साठी ४० मिली. भरण्याआधी डबा हलवा. काढलेले पेट्रोल गटारात ओतू नये.

उत्पादकांनी इथेनॉलची मर्यादा आणि पेट्रोल किती दिवसांत बदलायचे, हे पुस्तिकेच्या आतल्या पानावर न ठेवता टाकीच्या झाकणाशेजारी, मराठीत, पुसले न जाणाऱ्या अक्षरांत छापावे. विक्रेत्यांनी यंत्र देताना झाकणातले भोक आणि ड्रेन स्क्रू कुठे आहे ते दाखवावे, त्याला दोन मिनिटे लागतात. आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी नवा कार्बोरेटर सुचवण्याआधी टाकीतले पेट्रोल बरणीत काढून ग्राहकाच्या हातात द्यावे, काढलेला जेटही त्याला उजेडात धरून पाहू द्यावा.

– छोट्या इंजिनांची दुरुस्ती करणारा एक वाचक