ताईस, शर्यतीला निघण्याआधी

सोलापूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी आपटला, हे आधी लिहून टाकतो. "तुला तिकडं डोंगरात मरायला पाठवलेलं नाही," हे शब्द माझ्या तोंडून जायला नको होते. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. बारक्या तर तोंडावर म्हणाला, "अप्पा, नकाशा वाचायला तिला तुम्हीच शिकवलं. आता कशाला ओरडताय?" मी गप्प बसलो. फोनवर मला धड बोलता येत नाही, आवाज चढतो, म्हणून कागद घेतला. बारक्या याचे फोटो काढून तुला पाठवील. ब्रिटनच्या डोंगरातल्या त्या शर्यतीला जाऊ नकोस असं यात कुठं लिहिणार नाही, असं आईला कबूल करून बसलोय.

काल रात्री मी तुळजापूरला गेलो नाही. गुडघ्यानं पुन्हा उचल खाल्लीय. पण घरी बसवेना, म्हणून रूपाभवानीच्या देवळापाशी जाऊन उभा राहिलो. तीच गर्दी, तेच "आई राजा उदो उदो", हातात चपला घेऊन अनवाणी चाललेल्या बायका, खांद्यावर पोरं. तासभर तरी उभा होतो. तू पहिल्यांदा माझ्याबरोबर चाललीस तेव्हा चौदाची होतीस. पंचेचाळीस किलोमीटर. अव्वा म्हणाली होती, पोरीला एवढं चालवू नको, पाय जातील. तामलवाडीला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, पाय कसे आहेत? तू म्हणालीस, "मी ठीक आहे." पहाटे देवीच्या पायऱ्यांपाशी बूट काढलास तर मोजा टाचेला रक्तानं चिकटलेला. पाण्यानं भिजवून काढावा लागला. मी चिडलो, आणि मनात कौतुकही वाटलं. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं ते कौतुकच सांगितलं. चूक माझी तिथं झाली असं आता वाटतंय.

रविवारपासून रोज रात्री बारक्याला बसवून तुझ्या त्या ओएमएम (ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन) शर्यतीबद्दल वाचून घेतोय. १९६८ पासून भरते म्हणे. दोघादोघांची जोडी, दोन दिवस, तंबू, शेगडी, झोपायची पिशवी, खाणं सगळं पाठीवर. नकाशा ऐन वेळी हातात मिळणार, जीपीएस चालणार नाही, होकायंत्रावर भागवायचं. आणि ठेवलीय कधी, तर ऑक्टोबरच्या शेवटी, तिकडचा पावसाळा अंगावर घेऊन. त्यात शनिवारी रात्रीच घड्याळं तासभर मागं करतात. म्हणजे तंबूतली ती रात्र आणखी एक तासानं लांबणार, आणि रविवारी पाचच्या आत दिवस मावळणार. हे तुला माहीत असेलच. मला माहीत नव्हतं.

२००८ सालचंही वाचलं. २५ ऑक्टोबर, शनिवार, इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधलं ते बोरोडेल खोरं. एवढा पाऊस न् वारा की ओढे फुगले, शर्यत मधेच थांबवावी लागली, शेकडो माणसं रात्रभर अडकली. कुणी शेतकऱ्यांच्या गोठ्यात, कुणी होनिस्टरच्या दगडखाणीत आसरा घेतला. बातम्यांत एवढ्या लोकांचा ठावठिकाणा नाही म्हणून बोंब उठली. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. मग बारक्यानं पुढचं वाचलं: जीव कुणाचाच गेला नाही. बहुतेकांकडं तंबू होते, खाणं होतं, त्यांनी जागच्या जागी रात्र काढली आणि सकाळी उतरून आले. तेव्हा ते सामान पाठीवर का लादतात ते मला समजलं. वजन कमी करायला म्हणून त्यातलं काही मागं ठेवू नकोस. एवढंच म्हणणं.

एवढंच नाही, आणखी आहे.

आपल्याला ऊन कळतं. मे महिन्यात ४३-४४ अंशांत मी बार्शीकडं जमिनीच्या मोजण्या केल्यात. डोक्याला ओला पंचा, खिशात कांदा, सावली दिसली की बसायचं. ऊन लागणार असेल तर बहुतेकदा अंग आधी सांगतं. थंडीचं आपल्याला काही कळत नाही, आणि थंडीची खोड निराळी आहे. आधी माणूस कुडकुडतो. अंगातलं तापमान ३५ अंशांखाली उतरलं की बोटं ऐकत नाहीत, चेन लावता येत नाही, जीभ जड होते, पाय अडखळतात. पुढं कुडकुडणंच थांबतं, आणि ते थांबलं म्हणजे बरं वाटायला लागलं असं त्यालाच वाटतं. डोकं गार पडलेलं असतं, त्यामुळं आपलं डोकं चालत नाही हे त्याला कळत नाही. विचारलं तर तो म्हणतो, मी ठीक आहे.

ताई, हे वाचलं आणि मला रात्री झोप आली नाही. तिथं जे माणूस बुडायला लागल्यावर बोलतं, ते तू एरवीच बोलतेस.

म्हणून तुझ्या जोडीदारणीला हे आधी सांगून ठेव. तिला म्हण, मी ठीक आहे म्हटलं तर विश्वास ठेवायचा नाही. मला बोटांनी गाठ मारायला लाव, नकाशावर आपण कुठं आहोत ते बोट ठेवून दाखवायला लाव, शंभरातून सात-सात वजा करत मागं यायला लाव. ती तुलाही तसंच सांगेल. जोडी लावलीय ती यासाठीच असणार.

आणि सुती काही अंगात घालू नकोस. हे लिहिताना हात अडतोय. तुझ्या आजोबांचं सगळं आयुष्य मिलमध्ये सुतात गेलं, आपल्या गल्लीत सकाळी डोळा उघडायचा तो मागाच्या खटखटीनं, आणि मी तुला सूत नको म्हणतोय. पण सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. आपल्या उन्हात तो त्याचा गुण, तिथल्या वाऱ्यात तेच अंगातली ऊब ओढून घेणार. लोकर घाल, नाहीतर ते तुमचं धावायचं कापड. आईनं बॅगेत दिलेली चादर खोलीवरच राहू दे. तिला मी सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

बघ, सल्ले देणार नव्हतो. झालंच. एवढ्या वर्षांची सवय आहे, कागद दिसला की सूचना लिहायला लागतो. रागवू नकोस.

तू मागच्या महिन्यात सरावाच्या नकाशाचा फोटो पाठवला होतास ना, तो मी झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून आणला. फोटोत कागद ताणला जातो, म्हणून कोपऱ्यातल्या मापपट्टीशी जुळवून घेतला. मग तुझी लाल रेघ दोऱ्यानं मोजली. जेवणाच्या टेबलावर पसरून, चारी कोपऱ्यांना वाट्या ठेवून. चाळीस हजारात एक, म्हणजे सेंटीमीटरला चारशे मीटर. दोरा भरला ५२ सेंटीमीटर. वीस किलोमीटर आठशे. मग चढाच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, मोजल्या, भिंग लावून, दोनदा. ८० भरल्या. आपल्या पन्नास हजारी शीटवर दोन रेषांत वीस मीटर असतात, तुमच्या त्या नकाशावर पंधरा आहेत. हे विसरून पहिल्यांदा मी सोळाशे मीटर चढ काढला होता, नंतर बाराशे केला. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसानं १८९२ मध्ये हिशेब घालून दिलाय: तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा. त्यानं सहा तास दहा मिनिटं होतात. तुला किती लागले विचारलं तर बारक्या म्हणाला, चार तास पन्नास मिनिटं.

मी दोरा पुन्हा लावून बघितला. मग तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि सकाळी कंबर तलावावर फिरायला येणाऱ्या सगळ्यांना दाखवला. तुझ्यावर ओरडलो ते त्याच्या दुसऱ्या दिवशी.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नोकरीचं तिसरं वर्ष. मोहोळ तालुक्यात दोन भावांच्या वाटणीची मोजणी होती. साखळी ३३ फुटांची, दर साखळीला एक लोखंडी सळी रोवत जायचं, मागच्यानं ती उचलत यायचं. नवव्या साखळीला मला शंका आली की मधे एक सळी राहिली. तिथंच थांबून मागच्या पक्क्या दगडापर्यंत जायला हवं होतं, पंधरा मिनिटांचं काम. पण ऊन डोक्यावर, दोघं भाऊ बांधावर उभे राहून बघतायत, नवा पोऱ्या चुकला म्हणतील याची लाज. रेटून पुढं नेलं. हद्दीचा दगड ३३ फूट सरकून बसला. दोघांत डोकी फुटायची वेळ आली. चार महिन्यांनी मीच वरिष्ठांना सांगून फेरमोजणी करवली. धाकट्या भावाच्या बायकोनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

डोंगरात धुकं उतरलं, ओढा नकाशावर डावीकडं आणि प्रत्यक्षात उजवीकडं दिसायला लागला, की थांब. दहा मिनिटं गेली तर जाऊ देत. शेवटचं पक्कं ठिकाण कुठलं होतं ते आठव आणि तिथपर्यंत मागं जा. फोन होकायंत्राजवळ धरू नकोस, सुई भरकटते. शिट्टी गळ्यात असू दे, सॅकच्या तळाशी नको. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. मी आईला हे शिकवायला गेलो तर ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

पुन्हा सुरू झालो बघ मी.

तुला ते करमाळ्याकडचं शेत आठवतंय का? तू दहा वर्षांची, दिवाळीची सुट्टी, हट्ट करून माझ्याबरोबर आली होतीस. शिपाई आला नव्हता म्हणून झेंडीची काठी तुझ्या हातात दिली आणि बांधाच्या टोकाला उभं केलं. म्हटलं, हलायचं नाही, मी हात करेपर्यंत. प्लेन टेबलावरून, म्हणजे मोजणीच्या तिपाईवरल्या फळीवरून, बघितलं तर काठी अशी सरळ की ओळंब्यानं लावलीय. चांगल्या मुरलेल्या गड्याच्या हातातसुद्धा काठी एवढी स्थिर राहत नाही. मी खूश होऊन दोन रेघा जास्तीच्या मारून घेतल्या. जवळ आलो तर तुझ्या परकराच्या खाली, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तांबड्या मुंग्या. वारुळावरच उभी होतीस. डोळ्यांतून पाणी चाललेलं, ओठ दाबलेले, आणि दोन्ही हातांनी काठी धरलेली. मी धावत येऊन झटकायला लागलो तर म्हणालीस, "मला काही झालं नाही अप्पा, रेघ झाली का?"

त्या दिवशी मी तुला शाबास म्हटलं. गड्याच्या घरून चुना आणून लावला आणि येताना एसटी स्टँडवर पेढे घेऊन दिले. पेढे द्यायला नको होते. म्हणायला हवं होतं, पोरी, मुंग्या चावल्या की काठी टाकायची. रेघ पुन्हा मारता येते. पंचवीस वर्षांनी लिहितोय, पण आता वाच. काठी टाकायची.

आईनं शेंगाचटणी कुटून ठेवलीय, कडक भाकरीचा पुडा बांधलाय. शेजारच्या काकूंचा भाचा मंगळवारी मँचेस्टरला निघतोय, त्याच्याकडं देतोय. त्याच्याकडून वेळेत घेऊन ये. भाकरी हलकी आहे, बिघडत नाही, पाठीवर न्यायला बरी. चुरा झाली तरी चटणीत कालवून खाता येते. तेल सुटू नये म्हणून दोन पिशव्या घातल्यात.

मी रविवारी संध्याकाळपासून फोनजवळच असेन. घड्याळं मागं गेल्यावर आपल्यात साडेपाच तासांचा फरक पडतो, ते धरलंय. अंतिम रेषेवर पोचलीस तरी फोन कर, मधेच उतरून आलीस तरी कर, आवाज तोच येऊ दे. मधे सोडून आलीस तर मी एक अक्षर बोलणार नाही, खिशातला कागद खिशातच राहील.

आणि मी ठीक आहे म्हणू नकोस. कुठल्या टाचेला फोड आलाय, डाव्या की उजव्या, ते सांग.

तुझा,
अप्पा

ता. क. टाचांना आधीच पट्टी लावून नीघ.